नवा तारामासा कालपासून जागचा हललेला नाही, मदत हवी

सागरगोटा | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार. वर्षभर इथले धागे वाचतेय, लिहिण्याची ही पहिलीच वेळ.

काल संध्याकाळी घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये तारामासा सोडला. चोवीस तास उलटून गेले तरी सोडला त्याच जागी वाळूवर पडून आहे. पाच हातांपैकी एकाचं टोक वर वळलंय, बाकीचे चार सपाट. रंग लालसर नारिंगी, अंगावर फिकट ठिपक्यांची जाळी, हातांची टोकं गडद. दुकानात नुसतं 'रेड स्टार' लिहिलं होतं.

टँक २५० लिटरचा, चालू होऊन १४ महिने झाले. लाइव्ह रॉक (सूक्ष्म जीव वसलेला समुद्री खडक) भरपूर आहे. दोन क्लाउनफिश, एक गोबी, थोडे सॉफ्ट कोरल आणि गोगलगायी. तापमान २५, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १० च्या आसपास, सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा (विशिष्ट घनतेत), १.०२६.

पिशवी अर्धा तास टँकमध्ये तरंगत ठेवली, मधून मधून तीनदा कपभर टँकचं पाणी आत घातलं, मग हाताने उचलून वाळूवर ठेवला. मासे मी नेहमी असेच सोडते, त्यांना कधी काही झालेलं नाही. तो जिवंत आहे का हे तरी कसं ओळखायचं? सकाळपासून दहा वेळा काचेपाशी जाऊन आले.

प्रवाळवेडी | शनिवार, रात्री १०:१५

आधी दिवे बंद करा आणि त्याला निवांत पडू द्या. नवे तारामासे पहिला दिवस-दीड दिवस पुष्कळदा असेच गप्प असतात. वर्णनावरून फ्रोमिया (तारामाशांचा एक छोटा प्रकार) वाटतोय, फोटो टाकलात तर नक्की सांगता येईल.

जिवंत आहे का ते बघायला उलटा करू नका. प्रत्येक हाताच्या खालच्या बाजूला मधोमध एक खोबण असते, तिच्यात केसांपेक्षा थोडे जाड, नळीसारखे पाय दाटीने असतात. वर वळलेल्या टोकाशी बॅटरी तिरकी धरून पाहा. ते पाय जरा जरी आत-बाहेर होत असले तरी जीव आहे. मेलेला तारामासा मऊ पडतो, त्याच्यावर बुळबुळीत थर येतो आणि पाण्याला वास सुटतो.

सागरगोटा | शनिवार, रात्री १०:४०

पाहिलं! वळलेल्या टोकाला पाचसहा पाय दिसले, एकदम पारदर्शक, टोकाशी बारीकशी चकती. अगदी सावकाश हलत होते. जिवंत आहे. पण बाकीच्या हातांनी वाळू धरलेली वाटत नाही, नुसता ठेवल्यासारखा आहे.

भरती_ओहोटी | रविवार, सकाळी ७:०५

सागरगोटा, एकच प्रश्न. पिशवीतल्या पाण्याची सॅलिनिटी मोजली होती का? ते पाणी टाकून दिलं नसेल तर आत्ता मोजा. टँकचं पाणीही त्याच उपकरणाने पुन्हा मोजा.

सागरगोटा | रविवार, सकाळी ७:५०

पिशवीला गाठ मारून बादलीत ठेवली होती, सुदैवाने फेकली नव्हती. आत्ता मोजलं. पिशवी १.०२०, टँक १.०२६. माझ्याकडे काट्याचा हायड्रोमीटर आहे.

हा फरक फार आहे का? माशांच्या वेळी मी कधी मोजलंच नाही.

भरती_ओहोटी | रविवार, सकाळी ८:४०

फार आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण तारामाशांच्या बाबतीत बहुतेक घोटाळा इथेच होतो.

माशाला मूत्रपिंडं आहेत, कल्ले आहेत. बाहेरच्या पाण्यात मीठ कमीजास्त झालं तरी अंगातल्या मिठाचा तोल तो बऱ्यापैकी सांभाळतो. तारामाशाकडे यातलं काहीच नाही. त्याच्या अंगातला द्रव जवळजवळ बाहेरच्या पाण्याइतकाच खारट असतो. त्याच्या पाठीवर मधल्या भागात, थोडं एका बाजूला, एक फिकट गोल ठिपका दिसेल. ती चाळणी आहे. तिथून आत गेलेलं पाणी नळ्यांच्या जाळ्यातून पाचही हातांत फिरतं, आणि पायांच्या मुळाशी असलेल्या छोट्या फुग्यांनी ते पाणी दाबलं की पाय लांब होतात. त्याचं चालणं, धरणं, खाणं, सगळं या पाण्याच्या दाबावर.

आता १.०२० मधला जीव थोड्याच वेळात १.०२६ मध्ये आला. बाहेर मीठ जास्त, आत कमी, म्हणजे पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं गेलं. पायांतला जोर गेला. तुम्हाला दिसतोय तो 'नुसता ठेवल्यासारखा' प्रकार त्याचाच.

आता पुढचं नीट वाचा. त्याला पुन्हा बाहेर काढू नका. आधी नीट केलं नाही म्हणून आता पुन्हा बादलीत ठेवून सावकाश करू, असं फार जणांच्या मनात येतं. पण दीड दिवसात त्याच्या अंगातलं पाणी तुमच्या टँकच्या पाण्याशी बरोबरीला आलेलं आहे. आता परत उलट दिशेने नेणं म्हणजे दुसरा धक्का. टँकची सॅलिनिटीही त्याच्यासाठी घाईघाईने खाली आणू नका. पाणी जसं आहे तसं स्थिर ठेवायचं आणि वाट पाहायची, एवढंच आता हातात आहे.

यात तुमचं एकटीचं चुकलं असं नाही. विक्रीच्या टँकमध्ये सॅलिनिटी मुद्दाम कमी ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. मीठ कमी लागतं आणि माशांवरचे काही परजीवीही आटोक्यात राहतात. माशांना ते चालतं. त्याच पाण्यात तारामासा ठेवला तर तो तिथेच अर्धा थकलेला असतो.

नवा_नाविक | रविवार, सकाळी ९:१०

माझ्या माशांना पांढरे डाग आले होते तेव्हा तांब्याचं औषध घातलं आणि आठवड्यात बरे झाले. अशक्तपणा असेल तर तेच थोडं घालून पाहावं का?

प्रवाळवेडी | रविवार, सकाळी ९:१८

नाही, अजिबात नाही! सागरगोटा, कृपा करून हे करू नका. माशाला बरं करणारी तांब्याची मात्रा तारामासा, कोळंबी, गोगलगाय, कोरल या सगळ्यांना मारते. शिवाय खडक आणि वाळू तांबं शोषून घेतात आणि नंतर सावकाश सोडत राहतात. नवा_नाविक, तुम्ही औषध मुख्य टँकमध्येच घातलं असेल तर त्या टँकमध्ये तारामासा आणायच्या आधी पाण्यातलं तांबं तपासा.

नवा_नाविक | रविवार, सकाळी ९:३०

मुख्य टँकमध्येच घातलं होतं. बरं झालं विचारलं. मी आणणारच होतो तारामासा.

मिठाचा_खडा | रविवार, दुपारी १२:२०

भरती_ओहोटींच्या निदानाशी सहमत. पण 'सावकाश करा, सहा तास करा' हा सल्ला सगळीकडे सरसकट दिला जातो, त्याबद्दल एक सांगावंसं वाटतं. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. लांबच्या प्रवासाहून आलेल्या माशाला त्या पाण्यात तासन्‌तास ठेवणं घातक आहे. मी स्वतः असे मासे गमावलेत.

भरती_ओहोटी | रविवार, दुपारी १:०५

माशाच्या बाबतीत शंभर टक्के मान्य. तारामासा मात्र एवढी घाण करत नाही आणि तो बहुधा एकटा पिशवीत असतो, त्यामुळे त्याच्यासाठी पारडं हळू करण्याकडेच झुकतं. तरी शंका असेल तर पिशवी उघडल्या उघडल्या त्या पाण्याचा अमोनिया तपासावा, निघालाच तर अमोनिया बांधून ठेवणारं द्रव्य थोडं घालावं आणि मग सुरुवात करावी.

माझी पद्धत ठिबकची आहे. हवेच्या पंपाची बारीक नळी टँकमधून बादलीत सोडायची, नळीला सैल गाठ मारून सेकंदाला दोनतीन थेंब पडतील असं करायचं. बादलीतलं पाणी दुप्पट झालं की अर्धं काढून टाकायचं आणि पुन्हा ठिबक. किती तास, हे मी ठरवत नाही. दोन्हीकडची सॅलिनिटी सारखी आली की झालं. १.०२० वरून १.०२६ ला यायला चारपाच तास सहज जातात. बादली तेवढ्यात गार पडते, म्हणून ती मोठ्या टबात कोमट पाण्यात ठेवतो. शेवटी तारामासा पाण्याखालीच भांड्यात घेऊन त्या भांड्यासकट टँकमध्ये उतरवायचा. बादलीच्या भिंतीला चिकटून बसला असेल तर ओढायचा नाही, पाय तुटतात. थांबायचं, तो आपणहून सुटतो.

सागरगोटा | सोमवार, सकाळी ६:३०

हलला! रात्रीत साधारण एक वीत सरकून खडकाच्या पायथ्याशी गेलाय. दोन हात खडकावर, तीन वाळूवर. वाळूत त्याची वाट उमटलीय, बोटाने ओढल्यासारखी.

प्रवाळवेडी | सोमवार, सकाळी ८:००

वा! आज दिवसभर त्याला बघू नका असं सांगणार होते, पण तुमच्याच्याने ते होणार नाही. माझ्याच्यानेही झालं नव्हतं.

सागरगोटा | गुरुवार, रात्री ९:२०

आज चांगली बातमी नाही. जो हात वर वळला होता त्याच्याच टोकावर पांढरा डाग आलाय, तांदळाच्या दाण्याएवढा. कडेचा भाग थोडा खचल्यासारखा. बाकीच्या चार हातांनी चालतोय, काल काचेवरही चढला होता.

दुसरी गोष्ट. एका ओळखीच्यांनी त्यांचा रिफ्रॅक्टोमीटर दिला. त्यावर टँक १.०२८ दाखवतोय! खरं कोणाचं मानायचं?

मिठाचा_खडा | गुरुवार, रात्री ९:४५

रिफ्रॅक्टोमीटर आधी हजारी ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला जुळवला तर वरच्या टोकाला फरक राहू शकतो. जुळवल्यावरही १.०२८ आलं तर तोच खरा. तुमच्या हायड्रोमीटरच्या काट्यावर मिठाचा थर बसला असणार. काटा जड झाला की कमी वर येतो आणि आकडा कमी दिसतो. त्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर उलट, आकडा जास्त दिसतो. काटा थोडा वेळ व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून नंतर स्वच्छ धुवा, पांढरा थर निघतो की नाही बघा.

सागरगोटा | शुक्रवार, संध्याकाळी ६:१०

प्रमाणित द्रावणावर जुळवला. १.०२८ च आहे. आणि काट्यावरून खरंच पांढरी खपली निघाली. म्हणजे १४ महिने मी चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून होते. आता खाली आणू का?

भरती_ओहोटी | शुक्रवार, संध्याकाळी ७:००

हो, पण तारामासा आत आहे हे लक्षात ठेवून. उडून गेलेल्या पाण्याची भर रोज गोड्या शुद्ध पाण्याने करताच, त्याशिवाय रोज थोडं खारं पाणी काढून तेवढंच गोडं पाणी पंपाच्या प्रवाहात थेंबाथेंबाने सोडा. दिवसाला ०.०००५ हून जास्त उतरवू नका, म्हणजे १.०२८ वरून १.०२७ ला यायलाच दोन दिवस. १.०२६ ला आलं की थांबा. गडबड करण्यासारखं त्यात काही नाही, १.०२८ मध्ये तो मरत नाहीये. गडबडीतच मरेल.

पांढऱ्या डागाबद्दल. हा त्या पहिल्या दिवसाच्या धक्क्याचा उशिरा दिसणारा परिणाम असू शकतो. तारामाशात असं होतं, वरून ठीक दिसतो आणि आठवड्याने, दोन आठवड्यांनी ऊतक मरायला लागतं. रोज एकाच वेळी, एकाच कोनातून फोटो काढा. डाग टोकाशीच थांबला तर आशा आहे. हाताच्या मुळाकडे सरकत मधल्या चकतीपर्यंत आला तर वाचवणं अवघड.

नवा_नाविक | शुक्रवार, रात्री ८:३०

तारामासे विरघळून जाण्याची समुद्रात साथ आली होती असं वाचलंय. हे तेच नाही ना?

भरती_ओहोटी | शुक्रवार, रात्री ९:१०

ती साथ २०१३ पासून उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर पसरली. वीसहून अधिक जातींना फटका बसला, सूर्यफूल तारामासा तर तिथल्या मोठ्या भागातून जवळजवळ नाहीसा झाला. त्याच्यातल्या रोगामागे व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जिवाणू असल्याचं संशोधकांनी २०२५ मध्ये मांडलं. इथे मात्र तारामाशाला पाण्याचा धक्का बसल्याचं आपण मोजून पाहिलेलं आहे. साथीचा विचार करायचं कारण दिसत नाही.

प्रवाळवेडी | शुक्रवार, रात्री ९:४०

कुणी 'तेवढा हात कापून टाका' म्हणेल, म्हणून आधीच सांगते. माझ्या निळ्या लिंकिया तारामाशाचा सडका हात मी निरोगी भागातून कापला होता. चार दिवसांनी दुसऱ्या हाताला सुरू झालं आणि आठवड्यात तो गेला. कापल्यामुळे गेला असं नाही म्हणणार, पण वाचला तर नक्कीच नाही. तुमच्या तारामाशाला टोक टाकायचं असेल तर तो स्वतः टाकेल.

सागरगोटा | दुसरा बुधवार, रात्री १०:००

टाकलं. आज सकाळी हाताचं टोक, सुमारे एक सेंटिमीटर, खडकाशेजारी पडलेलं होतं. लगेच चिमट्याने काढून घेतलं. उरलेल्या हाताची कड आखडून बंद झालीय, पांढरं काही दिसत नाही. सॅलिनिटी १.०२६. अमोनिया शून्य. तो मागच्या काचेवर आहे आणि चालतोय.

आता खाण्याचं सांगा. दुकानात म्हणाले होते की वेगळं काही घालावं लागत नाही, तो टँक साफ करत जगतो.

वाळूचं_घर | दुसरा बुधवार, रात्री १०:५०

हे वाक्य मलाही सांगितलं होतं. माझा वाळू उपसणारा तारामासा होता, राखाडी रंगाचा, कडेने बारीक काट्यांची झालर. आणल्या दिवसापासून सुरेख वागला. वाळूत बुडायचा, दुसरीकडून निघायचा. वाळू इतकी पांढरीशुभ्र राहायची की घरी येणारे विचारायचे. आठ महिन्यांनी तो दिसेनासा झाला, आणि सापडला तेव्हा हात कागदासारखे पातळ होऊन तुटायला आले होते.

नंतर मूठभर वाळू काढून भिंगाखाली पाहिली. आधी तिच्यात बारीक किडे, अळ्या, चिमुकल्या गोगलगायी वळवळायच्या. आता काही नव्हतं, नुसते दाणे. ती स्वच्छ वाळू म्हणजे त्याचं संपलेलं ताट होतं आणि मी तिचं कौतुक करत होतो. तो आठ महिने माझ्या डोळ्यांसमोर उपाशी मेला. हे मला अजून सलतं.

भरती_ओहोटी | दुसरा गुरुवार, सकाळी ७:३०

वाळूचं_घर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. पाण्याच्या धक्क्यातून जगलेले तारामासे पुढे सहाआठ महिन्यांत जातात ते बहुतेक असेच.

सागरगोटा, फ्रोमिया खडकावरचा आणि काचेवरचा जिवाणू-शैवालांचा पातळ थर खरवडतो, स्पंजसारखं काहीबाही खातो. तो आपलं पोट तोंडातून बाहेर काढून थरावर पसरतो आणि तिथल्या तिथे पचवतो. काचेवर असताना नीट पाहा, मधोमध पांढुरकी फुलासारखी चुणी दिसेल. तेव्हा त्याला हलवू नका. मागची काच आणि एक बाजूची काच घासणं आजपासून बंद करा. ती त्याची शेतं आहेत.

त्याशिवाय आठवड्यातून दोनतीनदा, दिवे गेल्यावर, तळाशी बसणाऱ्या शैवालाच्या वडीचा छोटा तुकडा किंवा शिंपल्याच्या मांसाचा कण त्याच्या वाटेत ठेवून बघा. त्याच्या अंगावर टाकायचा नाही, हाताच्या टोकापुढे ठेवायचा. बराच वेळ त्यावर बसून राहिला तर घेतोय असं समजा. सगळेच घेत नाहीत. तासा-दोन तासांनी उरलेलं काढून टाका.

आणि काचेबाहेर एक मोजपट्टी चिकटवा. तो काचेवर आला की त्याच्यासकट फोटो. उपाशी तारामासा एकदम मरत नाही, आधी बारीक होतो, हात निमुळते होतात, मधली चकती खचते. रोज बघणाऱ्याला ते कळत नाही. आकड्याला कळतं.

नवा_नाविक | दुसरा गुरुवार, सकाळी ८:१५

मग माझ्यासारख्याने सुरुवात कशाने करावी?

मिठाचा_खडा | दुसरा गुरुवार, सकाळी ८:५०

आधी तांबं तपासा. टँकला वर्ष होऊ द्या. मग गुळगुळीत हातांचा सर्पतारा (सापासारख्या बारीक, लवचिक हातांचा, तारामाशाचा नातलग) घ्या, उरलंसुरलं खातो आणि टिकतो. हिरव्या रंगाचा मोठा मिळाला तर मात्र घेऊ नका, तो रात्री छोटे मासे पकडतो. अंगावर चॉकलेटी शिंगं असलेला तारामासा हाताने भरवता येतो, चांगला जगतो, पण कोरल आणि गोगलगायी खातो, त्याला वेगळा टँक लागतो. निळा लिंकिया कितीही आवडला तरी घेऊ नका. आणि हार्लेक्विन कोळंबी तारामाशांवरच जगते, ती चुकूनही त्यांच्यासोबत ठेवू नका.

सागरगोटा | अकरावा आठवडा, रविवार

बरेच दिवसांनी येतेय, मध्ये लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं आणि तेच हवं होतं.

मोजपट्टीचे आकडे, न तुटलेल्या दोन हातांच्या टोकापासून टोकापर्यंत: तिसऱ्या आठवड्यात ७.५ सेंटिमीटर, सातव्यात ७.४, आज ७.५. शैवालाची वडी पहिले पंधरा दिवस ओलांडून जायचा. नंतर एका रात्री तिच्यावर थांबला, सव्वा तास. आता आठवड्यातून दोनदा घेतो. शिंपल्याला अजून शिवलेला नाही. मागच्या काचेवर हिरवट-तपकिरी थर आलाय आणि त्यात त्याने खाल्लेले गोल गोल स्वच्छ ठसे दिसतात, प्रत्येक साधारण नाण्याएवढा.

तुटलेल्या हाताच्या टोकाला काल बारीक कोंब दिसला. दोन-तीन मिलिमीटर असेल, रंग बाकीच्या अंगापेक्षा फिकट. काचेवर होता म्हणून खालून भिंग लावून पाहिलं. कोंबाच्या खाली नवे पाय आलेत, मोजता येतील इतकेच. चार मोजले. त्यांतला एक काच धरून होता.

पुढचं माप चार आठवड्यांनी टाकते.